कुरिहारा-सानचं आजारपण

माणसं कशी जोडायची हे मला कुणी शिकवू नये! तैवानमधल्या ताइनानच्या सकाळच्या बाजारात मी जन्मभर माशाच्या गोळ्यांचं सूप विकलंय. माझ्या पातेल्यापाशी भांडत आलेली नवरा-बायको एकाच वाडग्यातून पिऊन गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. समोरची खडूस सुपारीवाली सख्ख्या भावाशी बोलत नसे, पण माझ्याकडे येऊन सुनेची गाऱ्हाणी सांगत बसायची. त्यामुळे माझी लेक हुइचन जेव्हा म्हणाली, "आई, जपानमध्ये जरा जपून हं, इथल्या रीती वेगळ्या असतात," तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, की रीती वेगळ्या असतील, पण पोट सगळ्यांचं एकाच जागी असतं.

झालं होतं असं, की हुइचनच्या कंपनीनं तिला ओकायामाला पाठवलं. जावई उन्हाळ्यात येणार. इकडे नातीची शाळा एप्रिलात सुरू होणार. मग मधल्या काळात घर कोण लावणार, पोरीकडे कोण बघणार? आमा! म्हणजे आजी, म्हणजे मी. भाषेचा प्रश्न नव्हता. माझे वडील तैवानवर जपान्यांचं राज्य असताना जपानी शाळेत शिकलेले. राग आला की ते जपानीतच बोलायचे, आणि राग त्यांना रोज यायचा. त्यामुळे मला रागावण्यापुरतं जपानी अस्खलित येतं, गोड बोलण्यापुरतं बरं येतं, आणि लिहिण्या-वाचण्याच्या नावानं शून्य.

माझी नात आनआन सहा वर्षांची. ताइनानमध्ये तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. गिऱ्हाइकांना ती माझ्याआधी विचारायची, कोथिंबीर घालू का म्हणून. पण इथे आल्यापासून पोर मुकी झाली. कारण होतं शाळा. इथली पद्धत अशी, की इमारतीतली सगळी मुलं सकाळी खाली जमतात आणि रांगेनं चालत शाळेला जातात. आईबाप बरोबर नाहीत. पहिलीतल्या पोरांना जोडीदार ठरवून देतात, म्हणजे एकमेकांचा हात धरून चालायचं. हे हुइचननं सांगितल्यापासून आनआनचा एकच प्रश्न होता.

"आमा, माझा हात कोण धरणार?"

धरेल कुणीतरी, असं म्हटलं की म्हणायची, मला त्यांचं बोलता येत नाही, माझा कुणीच धरणार नाही. जेवण कमी झालं. झोपेत माझं बोट घट्ट धरून ठेवायची. शाळा सुरू झाली की दोन दिवसांनी माझं परतीचं विमान होतं. मी तिला जवळ घेतलं आणि शब्द दिला, की मी जायच्या आत तुला इथे मैत्रीण मिळवून देते. आमानं ठरवलं म्हणजे झालं!

आणि नशीब बघा, शेजारच्याच घरात तिच्या वयाची मुलगी निघाली. कोहारू तिचं नाव. तीही यंदाच पहिलीला जाणार. दोन्ही घरांच्या बाल्कन्यांमध्ये पातळ पत्र्याची भिंत होती आणि तिच्याखाली वीतभर फट. आनआन जमिनीवर पालथी पडून तिथून बघायची आणि मला बातमी द्यायची, "तिच्या मोज्यांवर ससे आहेत." माझं काम मला समजलं. कोहारूची आई कुरिहारा-सान (सान हे इथे नावापुढे मानानं लावतात), तिला गाठायचं. बायकांचं जमलं की पोरांचं आपोआप जमतं.

हुइचननं शेजाऱ्यांना द्यायला छोटे टॉवेल आणून ठेवले होते, छान कागदात गुंडाळलेले. नवीन राहायला आलं की इथे एवढंच देतात म्हणे. मी एक उघडून खिडकीशी धरला तर पलीकडचा रस्ता दिसला. तोंड पुसायचं फडकं देऊन कुणी मैत्री करतं का? हुइचन कामावर गेल्यावर मी तो टॉवेल कपाटात टाकला आणि अननसाच्या केकचा सर्वांत मोठा डबा काढला. तो तिनं साहेबांसाठी आणला होता, पण साहेबाला काय पहिलीत जायचंय? डब्यावर सुकवलेल्या माशाच्या गाभोळीची एक लांबलचक लादी ठेवली. आमच्याकडे ती लग्नाच्या बोलणीला नेतात.

कुरिहारा-सान दारात आली. बारीक चणीची, एप्रन बांधलेली, आवाज इतका हळू की मला वाकून ऐकावं लागलं. डबा बघून ती दचकली.

"नको, नको. एवढं मोठं कसं घ्यायचं? आम्हाला खरंच अवघडल्यासारखं होईल."

किती गोड बोलते, मला वाटलं. आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगते. देणाऱ्यानं कोंबायचं आणि घेणाऱ्यानं ढकलायचं. तीनदा नको म्हटल्याशिवाय कुणी घेतच नाही, घेतलं तर हावरा म्हणतात. हॉटेलात पैसे कोण देणार यावरून माझ्या दोन्ही भावांनी एकदा एकमेकांचे शर्ट फाडले होते, तेही प्रेमानं. तेव्हा तिनं ढकललं तसं मीही ढकललं. ती बोटांच्या टोकांनी ढकलत होती आणि मी जन्मभर पातेली उचललेली बाई. डबा घरात गेला. तिच्या मागे सशांचे मोजे दिसले, आणि मी विजयी होऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी दारात कुरिहारा-सान! हातात स्ट्रॉबेरीचा डबा. प्रत्येक फळ स्वतंत्र गादीवर झोपवलेलं.

"बघितलंस?" मी संध्याकाळी हुइचनला म्हटलं. ती दमून आली होती, "हं, छान," म्हणाली आणि झोपली. तिच्या ऑफिसात त्या दिवसांत इतकं काम होतं, की घरात हत्ती बांधला असता तरी तिला दिसला नसता. मी जिला खरी बातमी द्यायची तिला दिली. आनआननं विचारलं, म्हणजे आता कोहारू खेळायला येणार? मी म्हटलं, येणारच.

पण आता चेंडू माझ्याकडे होता. कुणी आपल्याला दिलं आणि आपण गप्प बसलो तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहत नाही. मी बांबूच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या केल्या, डुकराचं मटण, मशरूम, शेंगदाणे, सगळं घालून. चांगला जुडगाच्या जुडगा. या वेळी तिला नको म्हणायची संधीच द्यायची नाही, असं ठरवून मी जुडगा तिच्या दाराच्या मुठीला अडकवला, बेल दाबली आणि पळाले. माझे गुडघे दुखतात, तरी पळाले.

दुसऱ्या दिवशी फळांच्या जेलीचा डबा आला. वर रेशमी फीत.

मी ताइनानला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, मागे हटू नकोस, मी आहे. तिनं विमानानं खोकं पाठवलं. डोंगरावरचा चहा, अरवीच्या सारणाच्या पुऱ्या, आणखी अननसाचे केक. सगळं शेजारी पोचतं केलं. त्यावर शेजारून आलं खरबूज. लाकडी पेटीत, गवतावर बसवलेलं, नवरदेवासारखं! मला तर भरून आलं. एवढं प्रेम मला सख्ख्या नणंदेनं दिलं नव्हतं. मी खरबूज कापलं आणि सगळ्यांत गोड फोड आनआनसमोर ठेवली.

"आमा, मला खरबूज नको," ती म्हणाली. "मला कोहारू पाहिजे."

खरंच की! एवढं येणं-जाणं चाललं होतं, पण कोहारू काही आमच्याकडे येत नव्हती. मी मनाशी म्हटलं, कुठेतरी आपलंच कमी पडतंय. आणखी जोर लावायला हवा.

पुढे मात्र विचित्र गोष्टी घडू लागल्या. एकदा कुरिहारा-सान मोठ्या दुकानाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती. मला बघितलं आणि तशीच उलटी उतरून गेली. मला वाटलं, काही विसरली असेल. तिचा नवरा मला बघून आधी कमरेपर्यंत वाकायचा, तो आता गुडघ्यापर्यंत वाकायचा आणि वाकलेलाच निघून जायचा. मग एक दिवस दार उघडणंच बंद झालं. मी बेल दाबली की आतला टीव्ही गप्प व्हायचा. संध्याकाळी दिवेही लागेनासे झाले. बाल्कनीच्या फटीतून ससे दिसायचे बंद झाले, तेव्हा मात्र मी विचारात पडले. आदल्या वेळी दिसली तेव्हा तोंड किती उतरलं होतं बाईचं! डोळ्यांखाली काळं, हातात पैशांचं पाकीट घट्ट धरलेलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती आजारी आहे!

आजारी माणसाला काय द्यायचं हे मला कुणी सांगायला नको. तिळाच्या काळ्या तेलात आल्याचे जाड काप परतायचे, कोंबडी घालायची आणि पाण्याऐवजी सगळी तांदळाची दारू ओतायची. बाळंतीण याच्यावर उभी राहते. मी ते शिजवलं तेव्हा वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ते पातेलं तिच्या दाराशी ठेवून वळते तोच मोरिशिगे-सान भेटले.

मोरिशिगे-सान आमच्या इमारतीच्या मंडळाचे प्रमुख. निवृत्त गृहस्थ, कुंड्यांना पाणी घालतात, आणि मुलांच्या रांगेमागे पिवळा झेंडा घेऊन तेच चालतात. त्यांनी सहज विचारलं, सगळं ठीक ना? आणि मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. कुरिहारा-सान फार आजारी आहे, म्हटलं. दारापर्यंत येववत नाही. अन्न जात नाही. दिवा सहन होत नाही. थोडं तिखट-मीठ मी लावलं, नाही म्हणत नाही. माणसाला काळजी वाटली की ते लागतंच. मोरिशिगे-सान सगळं ऐकून "असं का," एवढंच म्हणाले आणि गंभीर चेहऱ्यानं गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या व्हरांड्यात रांग! खालच्या मजल्यावरच्या दोघी, वरचा कुत्रेवाला, कोपऱ्यातलं नवं जोडपं, सगळ्यांच्या हातात फळांच्या टोपल्या, आणि पुढे मोरिशिगे-सान. मी माझं दार किलकिलं करून बघत होते आणि अभिमानानं फुलले होते. मी आल्यावर या इमारतीत शेजारधर्म सुरू झाला, असं मी आनआनला सांगितलंसुद्धा.

दार उघडलं. कुरिहारा-सान उभी होती, एप्रनमध्ये, हातात लाटणं, गाल लालबुंद, ठणठणीत! मी चक्रावले. आमच्याकडची बाई असती तर म्हणाली असती, कोण मेला म्हणतो मी आजारी आहे? पण हिनं टोपल्यांकडे बघितलं, मोरिशिगे-सानच्या गंभीर चेहऱ्याकडे बघितलं, लाटणं हळूच पाठीमागे लपवलं आणि कमरेत वाकली. "आपल्या सगळ्यांना काळजीत टाकलं, फार वाईट वाटतंय." मग एकेक टोपली घेतली. शेवटच्या टोपलीला तर ती बारीकसं खोकलीसुद्धा.

आता एकदा फळं घेतली म्हणजे आजार कबूल केला. आणि आजार कबूल केला म्हणजे घराबाहेर पडायची सोय नाही. हे माझ्या लक्षात आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

कारण लगेचच्या शनिवारी मुलांच्या रांगेची सभा होती. खाली अंगणात सगळ्या आया, सगळी मुलं. जोड्या तिथेच ठरणार होत्या. मी आनआनच्या दोन वेण्या घातल्या, तिला नवी पिवळी टोपी चढवली आणि घेऊन गेले. ती सारखी जिन्याकडे बघत होती. कुरिहारा-सान काही आली नाही. आजारी बाई येणार कशी? आणि आजारी आईला सोडून कोहारू येणार कशी? एकेका मुलाचं नाव घेत जोड्या लागत गेल्या. शेवटी अंगणाच्या मधोमध आनआन एकटी उरली. कोहारू बरी झाली की, म्हणजे तिची आई बरी झाली की, तिला चौथीतल्या ताईबरोबर घालू, असंही ठरून गेलं. मोरिशिगे-सान भला माणूस. ते स्वतः पुढे आले आणि आनआनसमोर वाकले.

घरी येऊन बूट काढताना आनआन म्हणाली, "आमा, माझा हात ते आजोबा धरणार आहेत."

बूट जागेवर ठेवून तीच पुढे म्हणाली, "चांगले आहेत ते. एका हातात झेंडा असतो, पण दुसरा मोकळा असतो त्यांचा." माझं मन राखायला म्हणाली हो ती. सहा वर्षांची पोर! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

संध्याकाळी हुइचनला मी सगळं सांगितलं. केक, गाभोळी, भाताच्या पुड्या, खरबूज, कोंबडी, मोरिशिगे-सान. ती आधी उभी होती, मग बसली, मग तिनं कपाळ टेबलावर टेकवलं.

"आई, ती आजारी नाहीये. ती तुला घाबरून लपून बसलीये."

"मला? मी काय केलं? मी तर देतच होते!"

"तेच ना! इथे कुणी काही दिलं की त्याच्या निम्म्याचं तरी लगेच परत करावं लागतं. करावंच लागतं. तू डोंगराएवढं देणार, मग ती बिचारी रोज दुकानात पळणार."

"ती परतफेड होती? मला वाटलं, ती आपणहून देते. म्हणून तर मी परत देत होते."

"आणि तू देतेस म्हणून ती. तुम्ही दोघी थांबल्याच नसतात. खरबुजानंतर तिला बहुतेक गाय आणावी लागली असती."

आणि ऐका, आजारात दिलेल्या फळांचीही परतफेड असते! बरं वाटलं की सगळ्यांना घरोघर काहीतरी द्यायचं. म्हणजे मी त्या गरीब बाईला आधी माझ्या देण्याखाली गाडली आणि मग अख्खी इमारत तिच्यावर आणून घातली. आता तिला बरं व्हायचीसुद्धा धास्ती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि माझ्या नातीचा हात आता झेंडेवाले आजोबा धरणार.

माफी मागायला जाते, मी म्हटलं. हुइचन म्हणाली, जा, पण इथे माफी मागताना मिठाईचा डबा न्यावा लागतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. डबा नको, यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बाजारातली एक गोष्ट मी इथे येऊन साफ विसरले होते. शेजारी नवा दुकानदार आला आणि त्याला फुकट सूप पाजलं तर तो संशयानं बघतो. पण त्याच्याकडे जाऊन "जरा तुझी सुरी दे रे, माझी बोथट झालीय" म्हटलं, की तो आपला होतो. देणारी बाई डोक्यावर बसते. मागणारी शेजारी बसते.

सकाळी मी गेले. रिकाम्या हातांनी! सत्तरी आली, पण कुणाच्या दारात मी कधी अशी गेले नव्हते. हातांचं काय करावं तेच कळेना. पुढे धरले, मागे धरले, शेवटी लोंबते सोडले. बेल दाबली. आतला टीव्ही गप्प झाला.

"कुरिहारा-सान," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "काही आणलेलं नाही. खरंच नाही. बघा." आणि दारावरच्या भोकासमोर दोन्ही पंजे पसरून उभी राहिले. पोलिसांनी पकडलेला चोर असाच उभा राहतो.

बऱ्याच वेळानं साखळीपुरतं दार उघडलं. तिनं माझे हात बघितले, माझ्या पायाशी बघितलं, माझ्या पाठीमागे बघितलं.

"मला तुमची मदत हवी आहे," मी म्हटलं. "नातीच्या शाळेच्या सगळ्या वस्तूंवर नाव लिहायचंय. मला तुमची अक्षरं येत नाहीत. लेक उशिरा येते. शाळा तोंडावर आली. तुम्ही लिहून द्याल का?"

हे काही मी बनवून सांगितलं नव्हतं. इथल्या शाळेला प्रत्येक गोष्टीवर नाव लागतं. पेन्सिलीवर, पेन्सिलीच्या टोपणावर, हिशेब शिकायच्या नखाएवढ्या काड्यांवर, प्रत्येक काडीवर! तो ढीग बघून मला रोज चक्कर येत होती.

कुरिहारा-सानच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "मी?" ती म्हणाली. "मी काही करू शकते तुमच्यासाठी?" साखळी निघाली. ती तशीच पेन घेऊन माझ्यामागे आली, आणि तिच्या मागे ससे. माझ्या उंबऱ्याशी मात्र ती थबकली. दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून ती वळली, काहीतरी आणायला.

"अगं बाई, नको!" मी तिची बाही धरली ती सोडलीच नाही.

मग आम्ही दुपारभर बसलो. ती लिहायची, मी चिकटवायची. पोरी जमिनीवर पालथ्या. त्यांना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण आनआन तिला तोंडानं पातेलं, डाव आणि उकळणारं सूप करून दाखवत होती आणि कोहारू गडाबडा लोळत होती. कितीतरी दिवसांनी मी माझ्या पोरीचा आवाज ऐकला.

"आमा-सान," कुरिहारा-सान मान खाली घालूनच म्हणाली, "मला वाटायचं, माझं कमी पडतंय. म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा देताय."

"आणि मला वाटायचं, माझंच कमी पडतंय," मी म्हटलं.

ती आधी तोंडावर हात ठेवून हसली. मग हात काढून हसली. मग खोकली, आणि म्हणाली, सवय लागली.

राहता राहिली अख्ख्या इमारतीची परतफेड. तिच्या कपाटात माझ्या केकचे आणि चहाचे डबे न उघडलेले रचून ठेवले होते. मी म्हटलं, तेच वाट की! ती इतकी हादरली, की तिच्या हातातलं पेन पडलं. दिलेली वस्तू दुसऱ्याला? छे, छे, छे! पण मग तिनं पेन उचललं आणि बोटांवर इमारतीतली घरं मोजायला लागली. संध्याकाळी कुरिहारा-सान बरी झाली. सुंदर कागदात गुंडाळलेले डबे घेऊन ती दारोदार फिरली, आणि ताइनानचा माल ओकायामात घरोघर पोचला. माझ्याही दारी आली. कोंबडी मीच दिली होती ना! मी कागद सोडला तर आत माझाच अननसाच्या केकचा डबा. तो शेवटी हुइचनच्या साहेबाला गेला.

शाळेचा पहिला समारंभ आईबापांसह पार पडला. दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. सगळी मुलं खाली जमली. मोरिशिगे-सान झेंडा घेऊन आले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी आनआनपुढे हात केला. चौथीतली ताई कोहारूपाशी आली. पण कोहारू तिच्या शेजारून सुळकन निघाली, सरळ येऊन तिनं आनआनचा हात धरला आणि ओढत रांगेत घेऊन गेली. मोरिशिगे-सानचा हात तसाच पुढे राहिला. त्यांनी तो बघितला, आणि टोपी नीट करायला वापरला.

रांग निघाली. मी फाटकाशी उभी राहिले. वळणावर आनआन मागे वळून बघेल, मी हात हलवीन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं मी. हात वर करूनही ठेवला होता. पण ती कोहारूला दोन्ही गाल फुगवून काहीतरी करून दाखवत होती. वळणावरून गेली, बघितलंसुद्धा नाही. मला तेच हवं होतं हो. पण डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. शेजारी उभ्या असलेल्या कुरिहारा-साननं तिचा रुमाल माझ्या हातात दिला.

घरी येऊन मी तो धुतला. इस्त्री केली. हुइचनला विचारलं, हा असाच परत द्यायचा ना? ती म्हणाली, असाच नाही, रुमालाबरोबर छोटंसं काहीतरी द्यायचं असतं. मी विचारलं, छोटंसं म्हणजे केवढं? हुइचननं माझ्याकडे बघितलं, उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभी राहिली.

म्हणून मी रुमाल दिलाच नाही. पर्समध्ये घालून ताइनानला घेऊन आले. चोरी नाही, मुद्दाम. आनआनला तिथे अजून वर्षं काढायची आहेत. त्यांच्या रुमालाचं देणं आमच्याकडे राहिलेलं बरं, आम्ही शेजारी बसून राहू.

परवा हुइचनचा फोन आला होता. म्हणाली, कुरिहारा-सान तुझी चौकशी करत होत्या, आमा-सान पुन्हा कधी येणार म्हणून.

मी फुलून गेले. म्हटलं, "बघ! आठवण काढते माझी!"

"काढतात ना," हुइचन म्हणाली. "कधी येणार ते आधीच कळलं तर तयारीत राहता येईल, म्हणाल्या."